यंदा राजगड

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, काल फोनवर तुम्ही पुन्हा "बघू पुढच्या हिवाळ्यात" म्हणालात. राजगडाचं हे "बघू" मी लहानपणापासून ऐकतेय. आधी आमच्या शाळा, मग घराचे हप्ते, मग आजीचं आजारपण. कारणं सगळी खरी होती आणि तुम्ही आमच्यासाठीच थांबलात. पण आता हप्ते फिटलेत, तुम्ही निवृत्त झालात आणि आईचे गुडघे कुरकुर करत का होईना, चालताहेत. चढू नका असं डॉक्टर अजून म्हणालेले नाहीत. आणखी चार-पाच वर्षांनी म्हणाले तर? मला भीती वाटते ती त्याची.

तोरण्यावर सापडलेल्या धनातून मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड कसा उभा राहिला, हे मला झोपताना तुम्ही सांगायचात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात आपले किल्ले आले, त्यांत राजगड आहे म्हणून तुम्ही पेढे वाटलेत. आणि पद्मावती माचीवर तुमचं स्वतःचं पाऊल अजून पडलेलं नाही. मला हे फार लागतं.

वाट मी ठरवलीय. गुंजवण्याहून चोरदरवाज्यानं नको, शेवटचा टप्पा फार खडा आहे. आपण पाली दरवाज्यानं जाऊ. तो जुना राजमार्ग, रुंद आणि पायऱ्यांचा. वेळ लागेल तेवढा लागू दे. बालेकिल्ला दम उरला तरच. नाहीतर माचीवर बसून समोरचा तोरणा बघू. आई, तुला सईबाईंबद्दल इतकं वाटतं ना? १६५९ साली त्यांनी याच गडावर देह ठेवला. तिथे थोडा वेळ तुला निवांत बसता यावं, एवढं मला हवंय.

तोवर दोघांनी आठवड्यातून दोन-तीनदा सकाळी पर्वती चढा. उतरताना घाई नको, गुडघ्यावर खरा भार तेव्हाच येतो. काठी दोघांनीही घ्यायची, बाबा, तुम्हीसुद्धा. बूट आत्ताच घ्या आणि रोज घालून चाला, म्हणजे गडावर चावणार नाहीत.

माझी डिसेंबरातली रजा मंजूर झालीय. शनिवार-रविवारी गर्दी असते, म्हणून मधल्या वाराला जाऊ. दिवस तुम्ही निवडा, पण याच डिसेंबरातला.

तुमची,
मनू