त्यांना विचारू नका, मला विचारा

पुणे,
श्रावण, नागपंचमीनंतरचा शनिवार

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

दादाने रविवारी फोनवर कसंबसं सांगितलं, "आम्ही आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचं, करतोय," आणि "बाकीचं मनू सांगेल" म्हणून तो मोकळा झाला. तेव्हापासून आईचे फोन चालू आहेत. नेमके मी लॅबमध्ये असताना, नाहीतर तुमच्याकडे काकू येऊन बसलेली असताना. काकूसमोर हा विषय नको, म्हणून लिहूनच पाठवते. वाचून झालं की पत्र कपाटात ठेवा, टीव्हीच्या टेबलावर नको.

आईचा पहिलाच प्रश्न होता, "दोष कुणात आहे?" ते मी सांगणार नाही. दादाला माहीत आहे, वहिनीला माहीत आहे, डॉक्टरांना माहीत आहे, तेवढं पुरे. ज्यांना दिवस राहत नाहीत अशा जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाच्या बाजूनेही काही ना काही असतं. काहींचे तर सगळे रिपोर्ट चांगले असतात आणि तरी राहत नाहीत. पण आपल्याकडे तपासायला आधी बाईला पाठवतात, आणि पुरुषाची साधी, स्वस्तातली तपासणी "बघू पुढच्या महिन्यात" म्हणत लांबते. दादाने लांबवली नाही. त्याचं कौतुक करा, मनातल्या मनात.

बाबा, तुम्ही लोकांना सांगता की मनू पॅथॉलॉजीत आहे. चालायचं. पण आता गोष्ट घरची आहे, म्हणून माझं काम एकदा नीट सांगते. डॉक्टर सोनोग्राफीवर बघत सुईने स्त्रीबीजं काढून देतात. त्यापुढचे पाच-सहा दिवस ती आम्हा एम्ब्रियोलॉजिस्टच्या, म्हणजे लॅबमध्ये गर्भ वाढवणाऱ्यांच्या, ताब्यात. टेस्ट ट्यूब वगैरे नसते. असते ती चपटी प्लास्टिकची बशी, तिच्यात पोषक द्रवाचे थेंब, थेंबांवर तेलाचा थर, आणि सदतीस अंशांवर चालणारा इन्क्युबेटर. खोलीत उजेड मंद. अत्तर, परफ्यूम, नेलपॉलिश सगळं बंद, कारण त्यांची वाफ हवेतून बशीपर्यंत पोचते. आई, कामावर जाताना मी गजरा का माळत नाही हे तू दर वेळी विचारतेस, त्याचं उत्तर हे.

स्त्रीबीज एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं. मायक्रोस्कोपखाली ते शिजलेल्या साबुदाण्यासारखं दिसतं, गोल, आरपार, भोवती जाड कड. त्याच्याजवळ शुक्राणू सोडायचे, किंवा एकच शुक्राणू काचेच्या बारीक सुईत धरून थेट आत ठेवायचा. या दुसऱ्या प्रकाराला इक्सी म्हणतात. हल्ली बहुतेकांचं इक्सीच होतं, दादा-वहिनीचंही होईल. त्यावरून कुणी काही अर्थ काढत बसू नका.

मग सोळा ते अठरा तासांनी बशी बाहेर काढून बघायचं. बीजाच्या मधोमध दोन वर्तुळं एकमेकांना लागून दिसली, की ते फळलं. एक आईकडचं, एक बापाकडचं. पुढच्या काही तासांत ती दिसेनाशी होतात, त्यामुळे "जरा उशिरा येते" हे आमच्याकडे चालत नाही. मी पाडव्याच्या सकाळी फराळाच्या ताटावरून उठून का पळते, ते आता कळलं असेल. कधी एकच वर्तुळ दिसतं, कधी तीन. तीन दिसली तर तो गर्भ आम्ही वापरत नाही.

दुसऱ्या दिवशी चार पेशी, तिसऱ्या दिवशी आठ. गंमत म्हणजे एवढं होऊनही आकार तेवढाच. तो वाढत नाही, आतल्या आत वाटला जातो. तोवर सगळा कारभार बहुतांशी आईने बीजात भरून दिलेल्या शिदोरीवर चालतो. चार ते आठ पेशींच्या सुमारास गर्भाची स्वतःची जनुकं कामाला लागतात, आणि पुष्कळ गर्भ तिथेच थांबतात. काल सुंदर दिसणारा आज तसाच असतो, उद्याही तसाच. जे पुढे जातात त्यांच्या पेशी चौथ्या दिवशी एकमेकींना इतक्या चिकटतात की मोजता येत नाहीत. पाचव्या दिवशी आत पाणी भरून पोकळी तयार होते. एका कडेला पेशींचा छोटा गोळा, त्यातून बाळ. भोवतीचा पातळ थर, त्यातून वार (प्लॅसेंटा). याला ब्लास्टोसिस्ट म्हणतात. मग तो ती जाड कड फोडून बाहेर यायला लागतो. इतकी वर्षं हे काम करतेय, पण एखादा असा अर्धा बाहेर, अर्धा आत दिसला की मी अजूनही शेजारच्या टेबलावरच्या मुलीला हाक मारून दाखवते.

बाबांना हिशेब लागतो, तर ढोबळ हिशेब असा. दहा बीजं मिळाली तर आठेक पक्व निघतात, त्यांतली सहा फळतात, पाचव्या दिवसापर्यंत दोन-तीन पोचतात. आणि पोचलेला प्रत्येक रुजतोच असंही नाही. हे आमच्या बशीतच होतं असं समजू नका. पोटातही असंच होतं. तिथे कुणी बघत नसतं, पाळी चार दिवस उशिरा आली म्हणून बाई सोडून देते. बहुतेक वेळा कारण गुणसूत्रांच्या वाटणीतली चूक असतं. ते पपईने होत नाही, वाकून केर काढल्याने होत नाही, स्कूटरवर बसल्याने होत नाही.

वयाचं मात्र खरं आहे. बाईची बीजं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात, आणि अर्ध्यावर येऊन थांबतात. म्हणजे आई, ज्या बीजातून दादा झाला ते तू आजीच्या पोटात होतीस तेव्हाच तुझ्यात होतं. वहिनीची बीजं अशी छत्तीस वर्षं थांबलेली आहेत. जितका काळ जास्त, तितकी वाटणीत चूक व्हायची शक्यता जास्त. यावर "मग वेळेवर का नाही केलंत" हे वाक्य तुझ्या तोंडावर येईल, मला माहीत आहे. पहिली दोन-तीन वर्षं ते दोघं काय म्हणून वाट बघत होते आणि गेली कितीतरी वर्षं काय सोसताहेत, त्याचा हिशेब त्यांनी आपल्याला द्यायचा नसतो.

बाबा, "हे सगळं कितपत खात्रीचं?" असं तुम्ही दादाला विचारलंत. १९७८ च्या जुलैत इंग्लंडमध्ये ओल्डहॅमला अशी पहिली मुलगी जन्मली, तेव्हा तुम्ही ती बातमी कॉलेजच्या वाचनालयात वाचली होती. ते घडवणारे शास्त्रज्ञ एडवर्ड्स आणि डॉक्टर स्टेप्टो सगळ्यांना माहीत. पण त्या मुलीच्या गर्भाच्या पेशी विभागताना पहिल्यांदा पाहिल्या त्या जीन पर्डीने. ती मूळची नर्स, काम माझंच करायची. १९८५ मध्ये, चाळिशीच्या आत गेली. एडवर्ड्सना २०१० साली नोबेल मिळालं. हॉस्पिटलवरच्या पाटीवर हिचं नाव यायला कितीतरी वर्षं लागली.

आणि कोलकात्याची गोष्ट तर तुम्हाला माहीतच हवी. ओल्डहॅमनंतर सव्वादोन महिन्यांनी, ३ ऑक्टोबर १९७८ ला, डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नातून तिथे मुलगी जन्मली. तोही गोठवून ठेवलेला गर्भ वापरून, जे तेव्हा जगात कुणी यशस्वी करून दाखवलेलं नव्हतं. सरकारने चौकशी समिती नेमली, समितीने सगळं खोटं ठरवलं. त्यांना जपानला परिषदेला जाऊ दिलं नाही. शेवटी डोळ्यांच्या संस्थेत बदली केली. १९ जून १९८१ ला त्यांनी आत्महत्या केली. आपल्या मुंबईत, केईएममध्ये, ६ ऑगस्ट १९८६ ला डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या संशोधन संस्थेतले डॉ. आनंदकुमार यांच्या कामातून मुलगी झाली आणि देशातली पहिली म्हणून तिचीच नोंद झाली. पुढे याच आनंदकुमारांनी मुखोपाध्यायांचे कागद वाचले आणि १९९७ मध्ये जाहीरपणे सांगितलं की पहिला मान त्यांचा. स्वतःच्या नावावरचा मान उचलून दुसऱ्याला दिला. आमच्या क्षेत्रातल्या मला आवडणाऱ्या माणसांत हे फार वरचे. तर बाबा, पद्धत जुनी, तपासलेली आहे. खात्री मात्र एका वेळची कुणीच देत नाही, आणि जो देतो त्याच्याकडे जाऊ नये.

काका कुठून तरी ऐकून आले की यात मुलगा-मुलगी ठरवता येतं. आपल्याकडे १९९४ च्या कायद्यानुसार ते करणं गुन्हा आहे. आमच्या दारावरच तशी पाटी आहे. शिवाय २०२१ चा एआरटी, म्हणजे असल्या उपचारांचा, कायदा आला, त्यात कुणाला ही ट्रीटमेंट देता येते, कुणाच्या सह्या लागतात, गर्भ किती वर्षं ठेवता येतात, सगळं बांधून दिलेलं आहे. काकांना एवढंच सांगा की मनूची नोकरी जाईल. ते त्यांना लवकर कळेल.

दादा-वहिनी आमच्याच सेंटरला येणार आहेत, पण त्यांच्या बशीला मी हात लावणार नाही. तो माझा मीच ठरवलेला नियम. दुसरी सहकारी बघेल, आणि दर टप्प्याला दोघी जणी नाव ताडून पाहतात, तेव्हा अदलाबदलीची धास्ती घेऊ नका.

आता वहिनीचं. रोज पोटात इंजेक्शन, ते दादा घरीच देतो. मग एका रात्री ठरलेल्या मिनिटाला बीजं पक्व करणारं ट्रिगरचं इंजेक्शन, त्यानंतर साधारण पस्तीस तासांनी बीजं काढणं. त्या दिवसांत तिचं पोट फुगेल, चिडचिड होईल, कदाचित तुझा फोन ती उचलणार नाही. मनावर घेऊ नकोस. गर्भ आत ठेवल्यावर झोपून राहावं लागत नाही. त्याने काही फायदा होत नाही हे अभ्यासांत तपासून झालंय. तेव्हा "मी येते, तिला उठू देणार नाही" हा तुझा बेत रद्द. ये, पण तिच्याबरोबर भाजी निवडायला ये. त्यानंतरचे रक्ताच्या रिपोर्टपर्यंतचे दोनेक आठवडे सगळ्यांत वाईट. इंजेक्शनांत निदान काहीतरी करायचं असतं, इथे नुसतं बसायचं. बायका दर तासाला स्वतःच्या पोटाकडे बघतात.

वैदूकडून आणलेलं शिवलिंगीचं बी कुरिअर करू नकोस. औषधं चालू असताना असलं काही पोटात जायला नको. फॉलिक अॅसिड तिला आधीच सुरू आहे, ते गरजेचं आहे. बाळाच्या मज्जारज्जूची नळी पहिल्या चार आठवड्यांत मिटते, बाईला धड कळायच्याही आत. नवस बोलायचा असेल तर खुशाल बोल, फक्त स्वतःच्या पायांनी फेडायचा बोल, वहिनीच्या नको.

काकूच्या सुनेचं डोहाळजेवण आहे. वहिनीला बोलावणं करा, आणि ती नाही म्हणाली तर कारण विचारू नका. आली आणि ओटी भरायच्या वेळी कुणी "लेकुरवाळीने आधी" वगैरे सुरू केलं, तर आई, तिथे तू बोलायचंस. वहिनीने नाही, मी नाही, तू. तुझं तिथे सगळ्या ऐकतात.

आमच्याकडे सोलापूरकडच्या एक बाई सुनेबरोबर येतात. बाहेरच्या बाकावर डबा उघडतात, भाकरी, पिठलं, ठेचा. सून आतून आली की आधी तिच्या हातावर भाकरी ठेवतात, मग स्वतः खातात. काय म्हणाले डॉक्टर, कितीचा आकार, काही म्हणजे काही विचारत नाहीत. सून सांगते तेवढं ऐकतात. एकदा रिपोर्ट वाईट आला, तेव्हा त्या म्हणाल्या, "एसटी पाचची आहे, चल, चहा घेऊ." समुपदेशनाचा कोर्स केलेल्यांनासुद्धा मी इतकं नेमकं बोलताना ऐकलेलं नाही.

रिपोर्ट नकारात्मक आला तर "पुढच्या वेळी होईल" म्हणू नका, कारण पुढची वेळ करायची की नाही हे त्यांनी ठरवलेलं नसेल. चांगला आला तरी पेढे नकोत. सोनोग्राफीत ठोके दिसेपर्यंत आणखी काही आठवडे जातात आणि त्यानंतरही आम्ही सावधच असतो.

पैशांचं. एका वेळेला दीड-दोन लाखांच्या पुढेच जातात, आणि बहुतेक मेडिक्लेम हात वर करतात. बाबा, एफडी मोडायची घाई नको. दादाला एकदाच सांगा की लागले तर आहेत, आणि मग तो विषय काढू नका. दर फोनला "पैसे आहेत ना रे" विचारलंत, तर ट्रीटमेंट कशी चाललीय हेच दर फोनला विचारल्यासारखं होतं.

गणपतीला ते दोघं बहुधा येणार नाहीत; तारखा तिथेच पडताहेत. काकूला सांगा, दादाला सुट्टी नाही. आरती तुम्ही करा, नैवेद्याला मी आदल्या रात्री पोचते. मोदकाची पिठी आणू नकोस, इथून आंबेमोहोराची आणते.

तुमची,
मनू

ता. क. हे पत्र पाठवण्याआधी वहिनीला वाचायला दिलं होतं. तिने दोन ओळी खोडायला लावल्या, त्या खोडल्या. डोहाळजेवणाची मात्र राहू दे म्हणाली.