नाना, तुम्ही खिडकीवर दोन केस पेपर मागितलेत

तीर्थस्वरूप नाना,

साष्टांग नमस्कार.

तुम्ही निवृत्त होऊन पाटणला गेलात त्याला आता दोन वर्षं होतील. निरोपाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला उभं केलं होतं. ‘नानांनी मला सांभाळून घेतलं’ एवढं म्हणालो आणि खाली बसलो. पुढचं सगळ्या अग्निशमन केंद्रासमोर बोलायची तेव्हा छाती झाली नाही. आज लिहितोय, आणि पाकिटात बंद न करता कुणालाही वाचता येईल असं लिहितोय. नाव घालू नको म्हणालात, म्हणून नुसतं नाना.

आग लागल्याची ती वर्दी रात्री २ वाजून ४० मिनिटांची होती. खाली गाद्यांचं दुकान, वर राहती खोली आणि पोटमाळा. फोमचा धूर किती वाईट असतो ते तुम्हाला मी काय सांगणार? त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, सायनाइडचा वायू असतो, आणि मास्क नसेल तर माणूस काही श्वासांतच बेशुद्ध होतो. बीए सेट, म्हणजे हवेचा सिलिंडर आणि मास्क, लावून मी पोटावर सरकत आत गेलो. डावा हात भिंतीला, उजव्या हाताने जमीन चाचपायची, जसं शिकवलंय तसंच. मुलं आगीत पळत नाहीत, लपतात, हेही शिकवलेलं होतं. खाटेखाली पाहिलं, कपाटाआड पाहिलं. ती मुलगी मोरीत होती, पाण्याच्या पिंपामागे. पाण्याजवळ आग येणार नाही, असं तिला वाटलं असणार.

तिला खांद्यावर घेऊन शिडीवरून उतरलो. खाली पंप धडधडत होता, लोक ओरडत होते, वायरलेस चालू होता. त्या सगळ्यात मला फक्त तिच्या पायातलं पैंजण ऐकू येत होतं, प्रत्येक पायरीला एकदा. रुग्णवाहिकेत दिली तेव्हा अंग गरम होतं. सकाळी कळलं.

केंद्रावर येऊन आपण चहा घेतला, होज म्हणजे पाण्याच्या नळ्या धुतल्या, सिलिंडर भरून ठेवले. दुसरी वर्दी येईपर्यंत एवढंच करायचं असतं.

नंतरचं तुम्ही बघतच होता. रोज पहाटेच्या आधी, पावणेतीनच्या सुमाराला, डोळे उघडायचे आणि छातीत पंप चालू झाल्यासारखं व्हायचं. घरी वांगं भाजलं की मी उठून बाहेर जायचो. त्या गल्लीवरून जायला लागू नये म्हणून दोन स्टॉप आधी उतरून चालत यायचो. माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची. आजीने तिला पैंजण घेतले होते आणि ते वाजवत ती दिवसभर घरात पळायची. एका संध्याकाळी मी तिच्यावर इतका ओरडलो की ती भिंतीला चिकटून उभी राहिली. तुमच्या सूनबाईंनी काही न बोलता तिच्या पायातले पैंजण काढले आणि डाळीच्या डब्यात टाकले. मग मी घरी जाणंच कमी केलं. कुणाला रजा हवी असली की ‘मी करतो तुझी ड्यूटी’ म्हणायचो. सगळ्यांना वाटायचं, पोरगा कामाचा आहे. दारूही वाढली होती. एका वरिष्ठांना अर्धवट सांगून पाहिलं. ते म्हणाले, ‘अग्निशमन दलात आलायस की भजनी मंडळात?’ त्यानंतर मी गप्पच राहिलो.

नाना, तुम्ही यंत्रचालक. आम्ही आत जातो, तुम्ही पंपावर उभे राहता. मला पुढे कधीतरी लक्षात आलं की आतून बाहेर येणाऱ्या प्रत्येकाचं तोंड पहिल्यांदा तुम्ही बघता. पस्तीस वर्षं तुम्ही तेच बघत आला होतात.

गच्चीत होज वाळत घालत होतो त्या दुपारी तुम्ही जवळ आलात. ‘काय झालंय’ असं विचारलं नाहीत. ‘झोप लागते का’ असंही नाही. होजचं टोक माझ्या हातातून घेत विचारलंत, ‘रात्री किती वाजता उठतोस?’

मी म्हणालो, ‘पावणेतीन.’

तुम्ही म्हणालात, ‘माझं पावणेचार असायचं.’

मग कोसळलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्याखालच्या त्या बाईंबद्दल सांगितलंत. पहाटेपर्यंत त्या तुमच्या हाकेला ओ देत होत्या, आणि मग ओ येणं थांबलं. अकरा वर्षं झाली होती त्याला. घरी काकूंनाही सांगितलेलं नव्हतं. तुमचा आवाज जराही बदलला नाही, पण हातातली होज तुम्ही दोनदा उलगडून परत अडकवलीत. शेवटी एवढंच म्हणालात, ‘लेका, होज ओली गुंडाळून ठेवली तर बाहेरून चांगली दिसते. आतून कुजते. मी तशीच ठेवली. तू ठेवू नकोस.’

पुढच्या सुट्टीला तुम्ही मला रुग्णालयाच्या मनोविकार विभागाच्या ओपीडीत नेलंत. जुलैचा पाऊस होता. रांग बाहेरपर्यंत आलेली. कुणी ओळखीचं बघेल म्हणून मी रुमाल तोंडावर बांधला होता आणि तुम्ही छत्री माझ्या डोक्यावर धरून स्वतः भिजत होतात. मनात होतं की खिडकीपाशी पोचलो की काहीतरी कारण काढून निघून जायचं. खिडकी आली. तुम्ही पुढे वाकलात आणि म्हणालात, ‘दोन केस पेपर द्या.’

दुसरा कुणाचा, हे मला क्षणभर कळलंच नाही. दुसरा तुमचा होता. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, नोकरीची दोन वर्षं उरलेली असताना, तुम्ही माझ्यासोबत पेशंट म्हणून आत आलात. ‘चल, तुला दाखवून आणतो’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते नको होतं, आणि तेवढंच असतं तर मी त्या रांगेतून पळालो असतो. मला मुख्यतः याचेच आभार मानायचे आहेत, नाना. त्या बाकावर तुम्ही माझ्या शेजारी नंबरची वाट बघत बसलात.

आतल्या डॉक्टर तरुण होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, याला नाव आहे, पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर. भयंकर काही पाहिल्यावर थोडे दिवस झोप उडणं, तेच तेच आठवणं स्वाभाविक आहे, बऱ्याच जणांचं ते आपोआप ओसरतं. महिन्याहून जास्त टिकलं, माणूस जागा टाळायला लागला, घरच्यांपासून तुटला, कायम दचकायला लागला, तर उपचार लागतात. आणि उपचार आहेत. ‘तुम्ही कमजोर आहात म्हणून हे झालेलं नाही, तुम्ही तिथे होतात म्हणून झालंय,’ हे त्यांचं वाक्य मी केस पेपरच्या मागे लिहून घेतलं होतं.

हे पत्र माझ्यासारखा कुणी वाचत असेल, म्हणून उपचारांचं जरा सविस्तर लिहितो. गोळी सुरू झाली, सर्ट्रालिन. पहिले तीन-चार आठवडे काहीच फरक नव्हता आणि मी ती बंद करणार होतो. तुम्ही रोज विचारत होतात म्हणून घेत राहिलो. सोबत दर आठवड्याला समुपदेशन. त्यात मला ती रात्र डोळे मिटून, आत्ता घडतेय अशी सांगायला लावली. ‘मी सरकतोय, हाताला पिंप लागतंय.’ ते रेकॉर्ड करून घरी रोज ऐकायचं. पहिल्या दिवशी मला उलटी झाली. नंतर मी टाळत होतो त्या रस्त्यांची यादी केली, कोणत्या गल्लीपासून चालायला सुरुवात करायची ती. आणि डाळीच्या डब्यातले पैंजण आणायला सांगितले.

ते आधी टेबलावर ठेवले, मी समोर बसायचं, बस. पुढच्या वेळी हातात धरायचे. तिसऱ्या वेळी बोटांनी एकदा वाजवायचे आणि घाम सुटला तरी खाली ठेवायचे नाहीत, धडधड उतरेपर्यंत थांबायचं. उतरते, नाना. पहिल्यांदा वीस-बावीस मिनिटं लागली. मी घड्याळ बघत होतो.

तुम्ही मला कधी खोदून विचारलं नाहीत, त्याचंही मोल मला तिथेच कळलं. मोठ्या घटनेनंतर लगेच सगळ्यांना गोल बसवून बोलायला लावायची पद्धत काही देशांत होती. ती उपयोगी पडत नाही असं अभ्यासांत दिसलं, म्हणून आता तिची शिफारस होत नाही. माणसाला खायला घालावं, झोपू द्यावं, एकटं पडू देऊ नये आणि पुढच्या आठवड्यांत त्याच्यावर लक्ष ठेवावं. तुम्ही कुठे शिकला नव्हतात, पण केलंत ते हेच.

दर १४ एप्रिलला आपण गेलेल्या जवानांसाठी उभे राहतो. १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाज पेटलं, कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकाच जहाजात, आणि दुपारी चारनंतर स्फोट झाले. आपले ६६ जवान गेले. मी आता त्या दिवशी, परत आलेल्यांचाही विचार करतो. ते त्या रात्री घरी जाऊन झोपले असतील का? या आजाराचं आजचं नाव वैद्यकाच्या पुस्तकात १९८० साली आलं. म्हणजे त्यांच्यापैकी कितीतरी जण निवृत्त होऊन गेल्यावर. सैनिकांसाठी शेल शॉक हा शब्द तरी होता. गोदीतून परतलेल्या फायरमनला तो कोण लावणार?

९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवासची आग लागली तेव्हा मी भरतीच्या मैदानी चाचणीसाठी धावत होतो. नेसरीकर साहेब, अमीन साहेब, राणे साहेब, देसाई साहेब, आपले चौघेही अधिकारी त्या आगीने नेले. सूट, मास्क, शिड्या यांवर पुष्कळ बोललं गेलं, ते बोललंच पाहिजे होतं. पण त्यांच्यासोबत त्या जिन्यात असलेल्यांच्या रात्रींबद्दल काही बोललेलं माझ्या कानावर कधी आलं नाही. मला राग येतो तो याचा. बीए सेटची तपासणी नोंदवहीत होते, माणसाची का होत नाही? वर्षातून एकदा छातीचा एक्स-रे काढतात तशी शांतपणे, सगळ्यांची, कुणाला वेगळं न काढता ही तपासणी व्हावी, म्हणजे रांगेत कुणाला रुमाल बांधायला लागणार नाही.

तोवर ज्याला कुणी नाना भेटलेला नाही त्याच्यासाठी: १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक आहे, ऑक्टोबर २०२२ पासून. पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. आपल्या वॉचरूमच्या, वर्दी घ्यायच्या खोलीच्या, भिंतीवर मी तो १०१ च्या खाली खडूने लिहिलाय. अजून कुणी पुसलेला नाही.

माझं म्हणाल तर गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करून बंद झाली, दारू सुटली. भरीत अजून जमत नाही. कधीकधी पावणेतीनला जाग येते, मग उठून पाणी पितो, पोरीच्या अंगावरची चादर सारखी करतो आणि परत झोपतो. ती आता नऊ वर्षांची आहे. पैंजण तिला होत नाहीत. माझ्या लॉकरमध्ये आहेत.

गणपतीत विसर्जनाची ड्यूटी आणि दिवाळीत फटाक्यांच्या वर्द्या, रजेचं तुम्हाला ठाऊकच आहे. तुळशीच्या लग्नानंतर तिघेही येतो. काकूंना सांगा, आमच्यासाठी वेगळं काही करू नका. तुमची ती काळी छत्री त्या दिवसापासून माझ्याकडेच राहिली. एक काडी मोडली होती, ती बसवून घेतलीय. घेऊन येतो.

तुमच्या पाळीतला,
एक फायरमन