सूचना : वर्गातील हवा आणि मीटरची नोंद

सर्व वर्गशिक्षकांसाठी. श्वासातून सोडलेला वायू वर्गात किती साचला, म्हणजे ताजी हवा पुरेशी येते का, हे दाखवणारा कार्बन डायऑक्साइड मीटर खिडकीत किंवा फळ्याच्या कडेला ठेवू नये. मुलं बसल्यावर त्यांचं डोकं येतं त्या उंचीवर, दार-खिडकीपासून आणि कुणाच्याही तोंडापासून किमान १ मीटर लांब ठेवावा. कोणी जवळून श्वास सोडला की आकडा उगाच उसळतो. नोंद तास संपता संपता घ्या; सुरुवातीचा आकडा फसवा असतो.

बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतं. वर्गात ८०० पर्यंत उत्तम. १००० ओलांडले की समोरासमोरच्या खिडक्या उघडा. एकाच बाजूच्या उघडून हवा आरपार जात नाही. १५०० च्या वर गेल्यास ५ मिनिटं दारही सताड उघडं ठेवा.

पंख्यामुळे गार वाटतं, पण तो आतलीच हवा फिरवतो. स्प्लिट एसीचंही तेच. एक्झॉस्ट फॅन लावून दार-खिडक्या घट्ट बंद केल्या तर तो नुसता घरघरतो, कारण आत हवा यायला वाटच नसते.

हा मीटर धूळ-धूर मोजत नाही, त्यामुळे बाहेर कचरा जळत असेल तर त्या बाजूच्या खिडक्या तेवढ्यापुरत्या लावून घ्याव्यात. बाहेर मोकळ्या हवेतही आकडा ६०० च्या खाली येत नसेल, तर मीटर कॅलिब्रेट करून (म्हणजे त्याचा आकडा बाहेरच्या हवेशी जुळवून) घ्या.