मूल सांभाळायचं कोणी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शिमग्याला पालखी आमच्या अंगणात आली, तेव्हा वाडीतल्या जाणत्यांनी मुंबईकर पोरांना सगळ्यांदेखत सुनावलं, ‘चार वर्षं झाली लग्नाला, पाळणा कधी हलायचा? आमच्या वेळी पाच-पाच पोरं वाढलीच ना!’ पोरं माना खाली घालून उभी. त्यांत माझा मुलगा आणि सूनही होती. मी तेव्हा काही बोलले नाही, ते मनाला लागून राहिलंय.

पाच पोरं वाढली, पण कशी? माझे वडील लालबागला गिरणीत होते. गाळ्यात वीसेक माणसं, जेवण खानावळीत. घरी यायचे ते शिमग्याला आणि गणपतीला. आम्हाला आई-आजीने वाढवलं. धाकटा भाऊ तर एकदा वडिलांना दारात बघून परका माणूस आला म्हणून रडला होता. 2011च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1,122 बायका निघाल्या, तो आकडा अशाच बाहेर गेलेल्या पुरुषांचा आहे. आता बायकाही नवऱ्याबरोबर जातात. त्याच जनगणनेत दहा वर्षांत जिल्ह्यातली 80 हजारांवर माणसं कमी झालेली दिसली. पण नवरा-बायकोने एका छपराखाली राहावं, यात मला काही चूक दिसत नाही. ‘आजोबांसारखा पाहुणा बाप मला व्हायचं नाही,’ असं मुलगा म्हणतो.

तो वसईला ठेकेदाराकडे कामाला आहे, सून कपड्याच्या दुकानात. नालासोपाऱ्यातली खोली 11 महिन्यांच्या करारावर. करार संपला की भाडं वाढतं, नाहीतर बिऱ्हाड हलतं. बाळंतपणाची 26 आठवड्यांची भरपगारी रजा 2017पासून कायद्यात आहे. पण दुकानांना तो कायदा दहा कामगारांपासून लागतो आणि सुनेच्या दुकानात माणसं सात. पाळणाघराची सक्ती तर 50 कामगारांपासून पुढे.

‘सासू आहे की, मूल गावी ठेवा,’ असंही लोक सुचवतात. मी अंगणवाडी सेविका आहे, आणि घरी माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. दिवसभर दुसऱ्यांची मुलं सांभाळते आणि स्वतःच्या नातवाला ‘हो, ये’ म्हणता येत नाही, हे मला फार जड जातं.

केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर चालवता येतं, सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. आमची पोरं जिथे राहतात त्या विरार, नालासोपारा, दिव्याकडे ती आधी उघडावीत आणि त्यांची वेळ कामावरच्या बायकांच्या सुटीशी जुळवावी. सुनेच्या खोलीपासून अंगणवाडी चालत दहा मिनिटांवर आहे. ती दुपारी बंद होते, सून रात्री नऊला सुटते.

– एक अंगणवाडी सेविका, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी