मुतखडा झालेल्या मित्रास

सांगली,
रविवार, २३ मे २०२१

प्रिय नंदू,
सप्रेम नमस्कार.

वहिनींचा फोन आला होता. पाच मिलिमीटरचा खडा, डावीकडे, आणि तू रात्रभर गुरासारखा ओरडत होतास म्हणे. ऐकून वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, हसूही आलं. तुझ्या खुर्चीपासून माठ दहा पावलांवर, बाथरूम पंधरा पावलांवर, तोंडाला मास्क नाही, समोर गिऱ्हाईक नाही. आणि खडा कुणाला, तर तुला! इथं बँकेत आम्ही दुपारपर्यंत घशाला कोरड घेऊन बसायचो, आमच्यातल्या कुणाला अजून तरी काही निघालेलं नाही. फोन केला की ‘मीटिंगमध्ये आहे, करतो नंतर’ हे ठरलेलं, म्हणून पत्रच लिहितोय. पडून आहेस, तर वाचशील तरी.

तुला वाटतं, आपण आळशी झालो म्हणून पाणी पीत नाही. मला तसं वाटत नाही. हडपसरला ऑफिसात जात होतास तेव्हा तुझं पाणी कूलरपाशी व्हायचं. कुणीतरी उठायचं, त्याच्यामागे तू. तिथं मॅनेजरची यथेच्छ निंदा, आणि तेवढ्यात एक ग्लास पोटात. अकराचा चहा, चारचा चहा, त्याआधी पाणी. (चहाही पाण्यातच धरतात बरं का. चहाने लघवी होते म्हणून तो मोजायचाच नाही, हे अर्धवट ज्ञान आहे. रोजच्या चहाबाजांना त्यातलं बहुतेक पाणी अंगी लागतं.) घरी बसल्यावर ‘चल रे, पाणी पिऊन येऊ’ म्हणणारं कोणी उरलं नाही. वहिनी त्यांच्या कामात, पोरं ऑनलाइन शाळेत, आणि तू कानात हेडफोन घालून एका कॉलवरून दुसऱ्या कॉलवर. घरात बसून घामही येत नाही, त्यामुळे तहानही ओरडून सांगत नाही.

आमच्याकडे गोष्ट वेगळी. गेल्या वर्षी देशभराचं लॉकडाऊन सुरू झालं तो दिवस आठवतो का? २५ मार्च २०२०, गुढीपाडवा. आपल्याकडे पाणपोया मांडायचा मुहूर्त तोच. रांजणाला ओलं फडकं गुंडाळायचं, वर फळी, फळीवर साखळीने बांधलेला पेला. त्या वर्षी रांजण दिसले नाहीत, यंदाही नाहीत. एकाच पेल्याला दहा तोंडं लागणार म्हटल्यावर कोण मांडणार? टपऱ्या बंद, हॉटेलं बंद, सुलभ शौचालयांना कुलपं. रस्त्यावर काम करणाऱ्या माणसाचं पाणी प्यायचं आणि सोडायचं, दोन्ही ठिकाणं एकाच आठवड्यात गेली.

बँका मात्र चालू होत्या, तुला माहीतच आहे. एप्रिलमध्ये जनधन खात्यांवर बायकांचे पाचशे-पाचशे रुपये जमा झाले आणि आमच्या दारात रांग लागली. चुन्याने आखलेली वर्तुळं, वर सांगलीचं ऊन. एका मावशींना मी आतून बाटली दिली. त्यांनी ती पदराखाली धरली, पण उघडली नाही. म्हणाल्या, ‘आता पिलं तर जायचं कुठं रं बाबा?’ खेड्यातून दूधवाल्याच्या गाडीवर बसून आल्या होत्या, परत जाईपर्यंत आडोसा नाही. त्यांचा सगळा हिशेब पहाटेच झालेला होता. आपल्याकडच्या किती बायका असा हिशेब आयुष्यभर करतात! ऊसतोडीच्या, रोजगाराच्या, आणि आमच्या शाखेतल्यासुद्धा. स्टाफसाठी एकच स्वच्छतागृह, ते मागच्या अंगाला, पुरुषांच्या टेबलांसमोरून जायचं. शिंदे मॅडम घरून भरून आणलेली बाटली तशीच्या तशी परत न्यायच्या, हे मला मास्कच्या दिवसांत कळलं, कारण तेव्हा सगळ्यांच्याच बाटल्या तशाच परत जायला लागल्या.

आधी बँकेत वीस लिटरचा जार यायचा. वर्गणी काढून आम्ही तो लावला होता. पहिल्या लाटेत जारवाला बंद झाला, ग्लास कपाटात गेले, ज्याने त्याने आपली बाटली आणायची असं ठरलं. बाटली आणली तरी प्यायची कधी? काचेपलीकडे माणूस खोकतोय आणि मी मास्क खाली ओढू? काउंटरवर पाणी होतं ते फक्त नोटा मोजायच्या स्पंजच्या डबीत. दोन वाजता कॅश टॅली करायला बसलो की डोकं ठणकायचं, शंभराच्या गड्ड्या दोनदा मोजाव्या लागायच्या. अंगातलं पाणी वजनाच्या एक-दोन टक्क्यांनी जरी घटलं तरी लक्ष लागत नाही, चिडचिड होते, असं डॉक्टर सांगतात. साठ किलोच्या माणसाला हे म्हणजे लिटरभर पाणी. मे महिन्यात, पंखा गरम हवा फेकत असताना, तेवढं जायला काय वेळ लागतो!

आणि हे कुठं चाललंय बघ. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरज स्टेशनातून लातूरला पाण्याची रेल्वे सुटली, ते आपण दोघं बघायला गेलो होतो. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर, पुढं पन्नास वाघिणींची गाडी. कृष्णेचं पाणी साडेतीनशे किलोमीटर लांब पाठवणारी आपली माणसं. त्याच मिरजेत माझी मावसबहीण कोविड वॉर्डात नर्स आहे. पीपीई किट एकदा चढवलं की ड्युटी संपेपर्यंत घोट नाही. मास्क काढता येत नाही आणि लघवीला जायचं तर किट वाया. ती निघण्याआधी दोन तास पाणी तोडते आणि सुटल्यावर ओआरएसची पुडी लिटरभर पाण्यात कालवून सावकाश पिते. आतून घामाने निथळलेली असते, त्या घामात मीठही गेलेलं असतं, म्हणून नुसत्या पाण्यावर भागत नाही. तिला कुणी ‘भरपूर पाणी पीत जा’ म्हणालं की ती फक्त बघते.

आता तुझ्या त्या व्हॉट्सअ‍ॅपवाल्या काकांविषयी. दर पंधरा मिनिटांनी घोट घ्या, विषाणू घशातून पोटात जाईल आणि तिथल्या आम्लात मरेल, हे त्यांनी गेल्या वर्षीपासून चालवलंय. जागतिक आरोग्य संघटनेने तेव्हाच सांगितलं होतं की पाणी प्यायल्याने संसर्ग टळत नाही. विषाणू नाकातूनही शिरतो आणि पेशींत घुसून बसतो, तो धुऊन कसा जाणार? आठ ग्लासांचंही तसंच. १९४५ साली अमेरिकेतल्या एका पोषण मंडळाने दिवसाला अडीच लिटर पाण्याचा आकडा दिला आणि लगेच पुढे लिहिलं की यातलं बरंचसं अन्नातूनच मिळतं. आकडा जगभर फिरला, पुढचं वाक्य तिथंच राहिलं. आमटी, ताक, पिठलं, काकडी, कलिंगड खाणाऱ्या माणसाने ग्लास मोजत बसावं, हे मला तरी पटत नाही.

तुझं मात्र वेगळं आहे, तू खडेवाला! तुला मोजायला लागेल. डॉक्टर किती प्यालास ते फारसं धरत नाहीत, लघवी दिवसाला दोन-अडीच लिटर व्हायला हवी म्हणतात. ती कमी आणि गडद झाली की त्यातले क्षार एकमेकांना धरतात. रात्री आठवण आली म्हणून दीड लिटर एकदम ढोसून उपयोग नाही, दिवसभर थोडं थोडं जायला हवं. रंग फिकट राहिला म्हणजे ठीक चाललंय.

एक गोष्ट गमतीची नाही, म्हणून नीट वाच. आमच्या शाखेतले एक जण कोविडमधून उठले आणि एकदम पाणी प्यायला लागले. बाटल्यांवर बाटल्या. आम्ही कौतुक केलं, चला, कुणाला तरी सवय लागली. त्यांच्या बायकोला शंका आली, कारण रात्रीही चार-चारदा उठत होते. साखर तपासली तर तीनशेच्या वर. स्टेरॉइड दिले होते, त्याने साखर चढते, आणि चढलेली साखर लघवीवाटे पाणी ओढून नेते. म्युकरमायकोसिसच्या, म्हणजे त्या काळ्या बुरशीच्या, बातम्या रोज वाचतोयस ना? त्यात बहुतेकांची साखरच वाढलेली असते. तुझे मेहुणे नुकतेच बरे होऊन आलेत. त्यांना तहान जास्त लागत असेल तर शाबासकी देऊ नका, रक्त तपासा.

बँकेत आता बरं आहे. शिंदे मॅडमनीच मॅनेजरसाहेबांपुढे विषय काढला. दर तासाला एकेकाने काउंटर सोडायचं, मागच्या गच्चीच्या दारात उघड्यावर उभं राहून मास्क काढायचा, पाणी प्यायचं, परत यायचं. एका वेळी एकच माणूस. स्वच्छतागृहाकडे जायच्या वाटेवर फायलींची कपाटं सरकवून आडोसा केला. खर्च शून्य रुपये. आता बाटल्या रिकाम्या परत जातात आणि गड्ड्या एकदाच मोजतो. तूही तुझ्या कॅलेंडरात दोन कॉलच्या मधे दहा मिनिटं राखून ठेव आणि त्या वेळी कुणालातरी फोन लाव, मला लाव. बोलत बोलत माठापर्यंत जा. निंदा करायला मॅनेजर आहेतच, तुझेही आणि माझेही.

आई म्हणते, हुलग्याचं कढण घे आणि पानफुटीची पानं चाव. कढण घ्यायला हरकत नाही, तेवढंच पाणी पोटात जाईल. पाच मिलिमीटरपर्यंतचे खडे बहुधा आपले आपण पडतात, पण ताप आला किंवा लघवी अडली तर कढणाच्या नादाला न लागता सरळ दवाखाना गाठ.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. खडा पडला की कळव, मध्यरात्र असली तरी चालेल.

तुझा,
सुधीर

ता. क. – पडलेला खडा टाकून देऊ नकोस, डॉक्टर तपासायला मागतात. वहिनींना एक जुनी चहाची गाळणी मागून ठेव, आणि ती परत स्वयंपाकघरात जाणार नाही एवढं बघ.