बाबा, तुमच्या कानांना जुळेल असं तालयंत्र

ती. आई आणि ती. बाबा,
सा. नमस्कार.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "ड्रम मशीन तयार विकत मिळतं, मोबाइलवर तर फुकट मिळतं, मग रात्र रात्र डोळे ताणून ते घरी बनवतेस कशाला?" फोनवर मला नीट सांगता आलं नाही. शिवाय बाबांना फोनवरचं निम्मं कळत नाही आणि मग ते नुसतं "हो, हो" म्हणतात. म्हणून लिहायला बसले. बाबा, हे तुम्ही स्वतः वाचा, आईकडून सारांश ऐकू नका. थोडं तांत्रिक आहे, पण यातलं बरंचसं तुमच्याबद्दल आहे.

आधी हे यंत्र काय आहे ते सांगते. मोबाइलमधल्या ड्रम मशीनमध्ये बहुतेक वेळा कुणीतरी वाजवलेल्या ढोलाचा आवाज रेकॉर्ड करून ठेवलेला असतो. बटण दाबलं की तोच बाहेर येतो. मी बनवते आहे ते ॲनालॉग आहे, म्हणजे त्यात कुठलाच आवाज साठवलेला नाही. प्रत्येक ठोका त्या क्षणी विजेतून नव्याने तयार होतो. त्यामुळे कुठला आवाज कुठल्या भागातून येतो ते बोट ठेवून दाखवता येतं, आणि तो भाग बदलला की आवाज बदलतो. आई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर खरं तर एवढंच आहे. तयार यंत्र मला बाबांच्या कानांप्रमाणे बदलता येणार नाही. हे येईल.

कल्पना जुनीच आहे. १९५९ साली वुर्लिट्झर कंपनीचं 'साइडमन' नावाचं यंत्र आलं होतं. त्यात व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि एक तबकडी गोल फिरत विजेचे संपर्क जोडायची, त्यावर ताल चालायचा. पण माझ्यासारख्या हौशी लोकांचं दैवत म्हणजे १९८० सालचं रोलंड कंपनीचं टीआर-८०८. इकुतारो काकेहाशी हे त्या कंपनीचे संस्थापक. ताल लक्षात ठेवायला त्यात छोटा प्रोसेसर होता, आवाज मात्र सगळे सर्किटमधून निघायचे. खऱ्या ड्रमसारखा आवाज येत नाही म्हणून तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. १९८३ मध्ये ते बंद झालं, तोवर सुमारे १२,००० यंत्रं निघाली होती. पुढे त्याच खोट्या आवाजावर संगीताचे प्रकारच्या प्रकार उभे राहिले. त्याचे सर्किटचे नकाशे आज सहज मिळतात. जगभरचे लोक त्यावरून आपापली यंत्रं बांधतात, आणि बांधून झालं की लगेच त्यात फेरफार करायला घेतात.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. खर्जातला मोठा ढोल, ज्याला आम्ही किक म्हणतो, तो कसा वाजतो? एक ऑप-अँप नावाची छोटी आयसी, म्हणजे आवाज मोठा करणारी चिप, तिच्याभोवती दोन कपॅसिटर (वीज थोडा वेळ साठवणारे) आणि दोन रेझिस्टर (वीज अडवणारे), बस. या रचनेला ब्रिज्ड-टी म्हणतात. एरवी ती गप्प असते. तिला विजेचा एक क्षणभराचा टोला दिला की ती स्वतःच्या ठरावीक सुरात घुमते आणि विरत जाते. माझ्या सर्किटमध्ये १५ नॅनोफॅरडचे (फॅरड हे कपॅसिटरचं माप) दोन कपॅसिटर आहेत, एक रेझिस्टर १ मेगाओहमचा आणि दुसरा ४७ किलोओहमचा (ओहम हे रेझिस्टरचं माप). गणित मांडलं की सूर येतो ४९ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे सेकंदाला साधारण ४९ कंपनं. कागदावरचा आकडा आणि स्पीकरमधून आलेला आवाज जुळतो तेव्हा मला अजूनही मनापासून आनंद होतो.

याच्यात एक सुंदर गोष्ट आहे. तो ४७ किलोओहमचा रेझिस्टर कमी केला की सूर चढतो, पण घुमण्याचा वेळ बदलत नाही. रेझिस्टर एक चतुर्थांश केला की सूर बरोबर दुप्पट होतो, म्हणजे एक सप्तक वर जातो. घुमण्याचा वेळ दुसऱ्या रेझिस्टरवर आणि कपॅसिटरवर ठरतो. मुळात तो फारच थोडा असतो, म्हणून बाहेर आलेल्या आवाजातला थोडा भाग पुन्हा आत पाठवून तो लांबवतात. सूर एका हातात, लांबी दुसऱ्या हातात. कुणी हे मुद्दाम इतकं सोयीचं रचलं असावं असं वाटतं, पण ते गणितातूनच येतं.

बाबा, पहिला फेरफार मी इथेच केला. ठोका पडतो त्या क्षणी एक ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचा तीन पायांचा छोटा खटका, त्या ४७ किलोओहमच्या रेझिस्टरचा काही भाग थोडा वेळ बाजूला करतो. त्यामुळे सूर वरून सुरू होऊन खाली उतरतो. मूळ रचनेत हे काही मिलिसेकंदांतच संपतं आणि कानाला फक्त 'ठप्' असा कडकपणा जाणवतो. ट्रान्झिस्टर किती वेळ उघडा राहील हे ठरवणारा कपॅसिटर मी मोठा घातला. आता सूर सावकाश घसरतो, आणि डग्ग्यावर मनगट दाबून सरकवल्यावर जो घुमारा निघतो त्याच्या पुष्कळ जवळ जातो. तुम्ही तबला वाजवायचात तेव्हा मला नेहमी डग्गाच ऐकत राहावासा वाटायचा. हा आवाज पहिल्यांदा आला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले.

स्नेअर, म्हणजे खरखरत वाजणारा छोटा ढोल, आणि टाळीच्या आवाजासाठी खरखर लागते, म्हणजे सगळ्या सुरांचं सरमिसळ झालेलं मिश्रण. तीही साध्या ट्रान्झिस्टरमधूनच काढतात. त्याचे एमिटर आणि बेस नावाचे दोन पाय उलटे जोडायचे, तिसरा पाय मोकळा सोडायचा. विजेचा पुरेसा दाब मिळाला की त्या दोन पायांमधला सांधा उलट्या दिशेने वाहू लागतो आणि वीज खरखरत येते. बहुतेक ट्रान्झिस्टरना त्यासाठी ६ ते ९ व्होल्ट लागतात, म्हणून ९ व्होल्टच्या बॅटरीवर भरवसा ठेवता येत नाही. मी १२ व्होल्ट वापरते. एकाच पाकिटातल्या दोन ट्रान्झिस्टरची खरखर सारखी नसते, त्यामुळे एकेक लावून कानाने निवडावा लागतो. रोलंडने तर ८०८ साठी मुद्दाम सदोष ठरलेले ट्रान्झिस्टर घेतले होते, कारण त्यांची खरखर हवी तशी होती. पुढे कारखान्यांची प्रत सुधारली, तसे सदोष मिळेनासे झाले. काकेहाशींनी यंत्र बंद पडण्याचं एक कारण हेच सांगितलं होतं.

आता मुद्द्याचं.

बाबा, श्रवणयंत्र लावल्यापासून तुम्ही गाणं ऐकणं जवळजवळ सोडलंत. "नुसता गोंगाट येतो" एवढंच म्हणता आणि कानातून यंत्र काढून ठेवता. मी यावर बरंच वाचलं. वयानुसार ऐकणं कमी होतं ते आधी वरच्या सुरांपासून. कानाच्या आतल्या शंखासारख्या भागात वरचे सूर टिपणाऱ्या पेशी अगदी सुरुवातीला असतात, त्या आधी झिजतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. त्यात आणखी एक अडचण अशी की हळू आवाज ऐकूच येत नाही, पण थोडा मोठा केला की एकदम टोचायला लागतो. म्हणून "आवाज वाढवा की" हा उपाय चालत नाही. तुम्ही चिडचिड करता असं आम्हाला वाटायचं, पण ती चिडचिड नव्हती. तुमचे कान खरंच तसं सांगत होते. श्रवणयंत्रं मुख्यतः बोलणं समजावं म्हणून बनवलेली असतात, संगीताकडे त्यांचं लक्ष दुय्यम.

ड्रम मशीनमधली झांज, म्हणजे हाय-हॅट, ही नेमकी वरच्या सुरांत राहते. ८०८ च्या पद्धतीत सहा ऑसिलेटर, म्हणजे सतत एकेक सूर काढणारी छोटी सर्किटं, एकाच वेळी वाजतात, साधारण २०० ते ८०० हर्ट्झच्या दरम्यान, आणि मुद्दाम एकमेकांशी न जुळणारे. त्यांच्यातले दोन, ५४० आणि ८०० हर्ट्झचे, काउबेल नावाच्या घंटेच्या आवाजासाठीही वापरतात. सहांचं मिश्रण नको ते सूर अडवणाऱ्या फिल्टरमधून नेऊन फक्त वरचा भाग ठेवला, ७००० हर्ट्झच्या आसपासचा, की धातूची झणकार येते. तुमच्या गेल्या तपासणीचा आलेख मला आठवतो, ३००० च्या पुढे रेघ सरळ खाली जाते. म्हणजे ही झांज तुमच्यासाठी नाहीच. लय धरायला नेमकी तीच लागते, आणि तीच तुमच्यापर्यंत पोचत नाही.

तर मी झांज खाली आणली. फिल्टरमधल्या १ नॅनोफॅरडच्या कपॅसिटरच्या जागी ३.३ चे बसवले, की ७००० चा पट्टा २१०० वर येतो. पण नुसता फिल्टर उतरवला तर झणकार विरळ होते आणि एकेक सूर वेगळा ऐकू येऊन ती बेसूर घंटा वाटते. म्हणून सहाही ऑसिलेटरचे कपॅसिटर त्याच पटीत मोठे केले. आता सगळंच एकत्र खाली उतरलंय आणि आवाजाचा पोत राहिलाय. ती काही झांज नाही म्हणा, एखाद्या जाड ताटलीवर काडी मारल्यासारखी वाटते. मला ती फार आवडली. एका स्विचवर दोन्ही ठेवल्या आहेत, वरची आईसाठी, खालची तुमच्यासाठी.

किकचं उलटं आहे. ४९ हर्ट्झ छोट्या स्पीकरमधून धड येतच नाही, आणि श्रवणयंत्रातूनही नाही. तिथे मी कानाला वगळायचं ठरवलं. यंत्राची पेटी एका लाकडी फळीवर बसवली आहे आणि फळीखाली कंपक, म्हणजे पडदा नसलेला स्पीकर. फळीवर तळवा ठेवला की ठोका हातात कळतो. त्वचेला साधारण २५० हर्ट्झच्या आसपासची थरथर सगळ्यात नीट जाणवते, म्हणून दुसरा एक ढोल खास फळीसाठी केला. रचना तीच, फक्त ४७ किलोच्या जागी २.२ किलोओहम, सूर २२५ च्या जवळपास. हलका ठोकासुद्धा बोटांना समजतो.

हातांचं सांगायचं राहिलं. तुमची बोटं थरथरतात, त्यामुळे पॉटवर, म्हणजे गोल फिरवायच्या नाजूक खुंटीवर, नेमकी जागा साधणं त्रासाचं होईल. तिथे मी टप्प्याटप्प्याने कट् कट् थांबणारे रोटरी स्विच बसवते आहे. लांबी तीनच: आखूड, मध्यम, लांब. ताल भरायला सोळा खटके, भरपूर अंतर सोडून, प्रत्येकावर एक दिवा. खटका वर केला की त्या मात्रेवर ठोका पडणार. चुकून हात लागला तर दिवा सांगेल.

आई, सोळा वाचून तुझ्या डोक्यात तीनताल आलाच असेल. ही यंत्रं सोळा घरांचीच असतात, कारण चारचे चार गट त्यांना सोपे पडतात. पण घरं मोजणाऱ्या आयसीला एक रिसेटचा पाय असतो. कितव्या घरावरून पहिल्यावर परत यायचं ते तो ठरवतो. तो पाय स्विचला जोडला, की दहा घरांवर झपताल आणि सातांवर रूपक. बाकी काही बदलावं लागत नाही. आणि लय तू म्हणतेस तशी ठाय ठेवता येईल. लयीची आयसी ५५५ नावाची आहे, तिचा १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून १० चा लावला की चाल दहा पट संथ होते. तुझ्या रियाजाला टाळी-खाली दाखवायला वेगळ्या रंगाचे दिवेही लावते.

धुराची काळजी करू नकोस. खिडकी उघडी आणि पंखा धूर बाहेर ओढेल असा ठेवते, कारण सोल्डरमधल्या, म्हणजे भाग जोडायला वितळवतात त्या तारेतल्या, राळेच्या धुराने घसा खवखवतो. सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून काम झालं की हात धुतल्याशिवाय काही खात नाही. यंत्रात घरची वीज थेट येत नाही, बाहेरचा ॲडॉप्टर १२ व्होल्ट देतो. बाबांनी पेटी उघडून आत बोट घातलं तरी धक्का बसायचा नाही, आणि ते उघडून बघणार हे मला माहीत आहे.

आता दोघांनी मला मदत करायची आहे. आई, बाबांच्या शेवटच्या तपासणीच्या आलेखाचा फोटो पाठव, दोन्ही कानांचा, आकडे वाचता येतील असा. मला ३००० आठवतं ते एकाच कानाचं असेल, आणि डावा बरा असेल तर स्पीकर मी डावीकडे बसवेन. बाबा, तुम्ही टेबलावर हात ठेवून बघा, उजव्या हाताने खटके सोपे जातील की डाव्या, आणि मनगट टेकवायला कडेला किती जागा लागेल. पट्टीने मोजून कळवा. पुढची फळी मी तुमचं माप आल्यावरच कापणार आहे.

तुमची लेक