दुधाचे खाडे

चि. सोन्या,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "आई, दोघं कमावतोय तरी वीस तारखेनंतर खात्यात काही उरत नाही." तेवढ्यात तुला दुसरा कॉल आला आणि बोलणं राहिलं ते राहिलंच. मला फोनवर आकडे धड सांगताही येत नाहीत, म्हणून कागद घेऊन बसले.

सोबत कालनिर्णय पाठवतेय. ते स्वयंपाकघरातच लाव, हॉलमध्ये नको. आपल्याकडे दाराआड असायचं, त्याला सुतळीने पेन बांधलेलं. (पेन तूच पळवायचास, म्हणून सुतळी.) दुधाचा खाडा पडला की फुली, जादा घेतलं की अधिकची खूण, गॅसची नवी टाकी लावली की तारखेला गोल. तुझे बाबा हसायचे. एकदा पंचेचाळीस दिवस पुरणारी टाकी तिसाव्या दिवशीच संपली. गोल नसते तर मला पत्ताही लागला नसता. शेगडी बघितली तर बर्नरची भोकं बुजलेली, ज्योत पिवळी, भांड्यांची बुडं काळी. दुरुस्तीला लागली एक टाचणी आणि जुना टूथब्रश.

तू चहा-वडापावचे पैसे मोजत बसू नकोस. तसं करणारी माणसं आठ दिवसांत कंटाळतात आणि घरात चिडचिड वाढते ती वेगळीच. माझ्या मते तुमचा महिना रोजच्या खर्चाने मोडत नाही. वर्षातून एकदाच येणारा खर्च दर वेळी अचानक आल्यासारखा वाटतो, त्याने मोडतो. दिवाळी काय अचानक येते? मागे तू सांगितलेले आकडे मी मांडून पाहिले. दोघांचे विम्याचे हप्ते 38,000, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग 14,000, घरपट्टी 6,000, दिवाळी 18,000, गणपतीला इकडे येणं-जाणं 12,000, लग्नाकार्याचे आहेर 8,000. झाले 96,000. म्हणजे महिन्याला 8,000 रुपये तुमचे नाहीतच, ते आधीच कुठेतरी जायचे ठरलेत. पगार झाला की त्याच दिवशी ते वेगळ्या खात्यात टाक. त्या खात्याला यूपीआय जोडू नकोस, एटीएम कार्ड कपाटात राहू दे.

पीपीएफही (ते लांब मुदतीचं सरकारी बचतीचं खातं) पाच तारखेच्या आत भरत जा. त्यात महिन्याचं व्याज पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर धरतात. सहा तारखेला भरलेस तर त्या पैशावरचं त्या महिन्याचं व्याज गेलं. पैसे तेवढेच, एका दिवसाचा आळस.

आता क्रेडिट कार्डाचं. हे बाबांना विचारून लिहितेय, ते नको म्हणत होते. 2011 साली फ्रिज घेतला तो तुला रोखीने घेतला असं सांगितलं होतं. मलाही तेच सांगितलं होतं! 18,500 रुपये कार्डावर घातले होते आणि दर महिन्याला बिलावर छापलेली 'किमान रक्कम' तेवढी भरत होते, साधारण पाच टक्के. त्यांना वाटायचं हप्ता फिटतोय. वर्षाने एका बिलाचा कागद शर्टाच्या खिशात सापडला, धुवायला टाकताना. तोवर दहा हजारांच्या वर भरून झाले होते आणि पंधरा हजारांच्या वर बाकी होती. महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, वर वर्षभर घेतलेल्या औषधांनाही पहिल्या दिवसापासून व्याज, कारण मागची बाकी पूर्ण फिटली नसली की नव्या खरेदीला सवलतीचे दिवस मिळत नाहीत. माझ्या भिशीचा नंबर त्या महिन्यात लागला म्हणून एकदम फेडून टाकलं.

पैसे गेल्याचं मला फारसं वाटलं नाही. वर्षभर एकाच फ्रिजमधलं पाणी पीत होतो आणि त्यांनी सांगितलं नाही, याचं वाटलं. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघं चहा घेऊन बिलं समोर मांडतो. अर्धा तास. कधी भांडतोही. तू सूनबाईला घेऊन बस, तिचा पगार तिचा आणि तुझा तुझा हे ठेवा हवं तर, पण कागद एकाच टेबलावर असू देत. तिच्या माहेरी काही पाठवायचं असेल तर ते या यादीत पहिल्या ओळीत लिही, तिला मागायला लावू नकोस.

भिशीत शिरू नकोस मात्र. आमची बारा जणींची आहे, पंचवीस वर्षं एकाच गल्लीतल्या, म्हणून चालते. ऑफिसात कोण कधी नोकरी सोडून जाईल सांगता येत नाही.

कालनिर्णयाला सुतळी मी बांधूनच पाठवलीय. पेन तुझं तू घे. आणि टाकी परवा लावलीस म्हणालास ना, त्या तारखेला गोल कर.

तुझी,
आई